दुमजली घरात चार अँटेनांचा राउटर: सहा महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

आमचे साताऱ्यातील घर दुमजली आहे. भिंती नऊ इंची विटांच्या आहेत आणि दोन मजल्यांमध्ये काँक्रीटचा स्लॅब आहे. फायबरच्या जोडणीसोबत मिळालेला राउटर गेले सहा महिने आम्ही वापरत आहोत. तो एसी 1200 वर्गातील, म्हणजे 2.4 गिगाहर्ट्झवर 300 आणि 5 गिगाहर्ट्झवर 867 मेगाबिट वेगाचा दावा करणारा, चार बाहेरच्या अँटेनांचा साधा ड्युअल-बँड, म्हणजे या दोन्ही लहरींवर चालणारा, राउटर आहे. अनेक कंपन्या जवळजवळ अशाच बांधणीचे राउटर विकतात, त्यामुळे कंपनीचे नाव न घेता या वर्गाविषयी, आणि विशेषतः त्याच्या अँटेनांविषयी, लिहिणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

पहिले दोन महिने माझे मत प्रतिकूल होते. जोडणीसाठी आलेल्या तंत्रज्ञांनी राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे ठेवला आणि चारही अँटेना चार खोल्यांच्या दिशेने झुकवून दिल्या. ज्या खोलीकडे अँटेनाचे टोक, तिथे रेंज जास्त, असे त्यांनी सांगितले आणि आम्हालाही ते पटले. वरच्या मजल्यावर जिन्यालगतच्या खोलीत मुलीचे ऑनलाइन वर्ग चालतात. तिथे फोनवरील वाय-फाय ॲनालायझर, म्हणजे रेंज मोजणारे ॲप, उणे 78 डीबीएम (मिळणाऱ्या शक्तीचे डेसिबलमधील माप) दाखवत असे. व्हिडिओ कॉल न अडखळता चालण्यासाठी उणे 67 च्या आसपास रेंज असावी, असे साधारणपणे मानले जाते. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली, आणि दर 3 डेसिबलला शक्ती दुप्पट होते. त्या हिशेबाने आमच्याकडे पोहोचणारी शक्ती हवी त्याच्या बारावा हिस्साही नव्हती.

टोकाचा हा समज नेमका उलटा आहे. राउटरवरच्या दांडीसारख्या अँटेनामधून लहरी तिच्या अंगाला काटकोनात सर्वाधिक पसरतात, आणि टोकाच्या दिशेला जवळजवळ काहीच जात नाही. मेदूवड्याच्या भोकात पेन्सिल उभी धरली, तर पेन्सिल म्हणजे अँटेना आणि वडा म्हणजे तिचे क्षेत्र. म्हणून उभी अँटेना त्याच मजल्यावर चहूकडे रेंज देते, पण थेट डोक्यावरच्या खोलीला ती तिचे टोक दाखवते. अँटेना आडवी केली की वडाही उभा राहतो आणि वरच्या व खालच्या मजल्याकडे लहरी जाऊ लागतात. मात्र आडव्या अँटेनाचे टोक ज्या बाजूला असेल ती बाजू दुबळी होते, म्हणून ते घराबाहेरच्या भिंतीकडे करावे.

खोक्यावर छापलेल्या 5 डीबीआयच्या, म्हणजे अँटेना शक्ती एका दिशेला किती एकवटते ते सांगणाऱ्या, आकड्याचाही याच चित्रावरून उलगडा होतो. अँटेना स्वतः शक्ती निर्माण करत नाही. आकडा वाढतो तसा वडा चपटा आणि रुंद होतो. एकाच मजल्यावरच्या लांबट फ्लॅटला ते सोयीचे आहे, पण दुमजली घरात उभ्या लावलेल्या जास्त डीबीआयच्या अँटेनामुळे वरच्या मजल्याचे नुकसानच होते. आमच्या राउटरच्या अँटेना काढता येत नाहीत, आणि बदलण्याच्या मोहात पडलो नाही याचे मला समाधान आहे.

तिसऱ्या महिन्यात एका रविवारी मी सर्व नव्याने मांडले. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असल्यामुळे दहा मीटरची कॅट-6 नेटवर्क केबल टाकून राउटर जिन्याजवळच्या लाकडी फळीवर, जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर नेता आला. एवढ्यानेच वरच्या खोलीतील 2.4 गिगाहर्ट्झची रेंज उणे 78 वरून उणे 69 वर आली. टीव्हीच्या मागच्या धातूच्या पत्र्यातून आणि कोपऱ्यातील दोन भिंतींमधून सुटका झाली, हे त्याचे कारण असावे. त्यानंतर दोन अँटेना उभ्या ठेवून दोन आडव्या केल्यावर आकडा उणे 65 झाला. कोणत्या दोन अँटेना कोणत्या बँडच्या आहेत हे माहितीपत्रकात दिलेले नाही, त्यामुळे एकेक जोडी बदलून मोजावे लागले. ही माहिती खोक्यावर असायलाच हवी. काही न बदलताही आकडा दोन-तीन डेसिबलने खाली-वर होत राहतो, म्हणून फोन एकाच स्टुलावर एकाच स्थितीत ठेवून प्रत्येक वेळी दहा नोंदींची सरासरी घेतली.

म्हणजे नऊ डेसिबल जागेने दिले आणि चार डेसिबल अँटेनांच्या दिशेने. घरात लहरी भिंतींवर आपटून सर्व बाजूंनी येत असल्यामुळे अँटेनाच्या कोनाचा परिणाम मोकळ्या मैदानातल्याइतका स्पष्ट दिसत नाही, आणि त्याच मजल्यावर तर मला फरक जाणवलाही नाही. 5 गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेपाच सेंटीमीटरची, 2.4 ची साडेबारा. स्लॅबमधून जाताना पहिलीच जास्त क्षीण होते. म्हणून मुलीचा लॅपटॉप 2.4 वरच ठेवला आहे. शेजाऱ्यांचे बहुतेक राउटर 2.4 च्या बँडमधील चॅनल 6 (त्या बँडचा एक पट्टा) वर होते, आमचा 1 वर नेल्यानंतर संध्याकाळची अडचणही कमी झाली.

राउटरविषयीच सांगायचे तर, तो या काळात एकदाही बंद पडलेला नाही, आणि त्याच्या किमतीच्या मानाने मी त्याला पाचपैकी चार गुण देईन. तीन खोल्यांच्या फ्लॅटला तो सहज पुरेल. आमच्या तळमजल्यावरील मागच्या खोलीत, जिथे आई झोपते आणि जिच्या दारालगत मोठे लोखंडी कपाट उभे आहे, तिथे मात्र अँटेना कशाही फिरवल्या तरी उणे 80 च्या वर काही मिळाले नाही. कपाट हलवायला आईची तयारी नाही आणि तिचा आग्रह मला मान्य आहे. त्या खोलीसाठी आता फायबरच्या डब्यापासून दुसरी केबल टाकून एक वेगळा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरचे इंटरनेट वाय-फायने देणारे उपकरण, बसवत आहोत.