विकास आराखड्यावरची हरकत: सेवा फुकट, मेहनत आपली

वस्तीत मैदान कुठे, शाळा कुठे, रस्ता किती रुंद, हे शहराच्या विकास आराखड्यात ठरताना नागपूरकराला कायद्याने दिलेली बोलण्याची सोय म्हणजे हरकती-सूचना. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली ही सेवा चालते. फी नाही, वकील लागत नाही, साधा कागद चालतो. पाचपैकी गुण द्यायचे तर तीन. कापलेले दोन कुठले, ते पुढे येईलच.

पहिली अडचण दाराची. शहरात महानगरपालिका आहे, १९३६ पासूनचा सुधार प्रन्यास आहे आणि शहराबाहेर पडलात की एनएमआरडीए, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. ‘५७२’ आणि ‘१९००’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या, नियमित करायला घेतलेल्या ले-आऊटमधल्या प्लॉटधारकाला आपले कागद कुणाच्या कपाटात आहेत हेच नक्की सांगता येत नाही. प्लॉट नियमित झाल्याचं आर.एल. पत्र किंवा पैसे भरण्याची डिमांड नोट काढा, वर कुणाचं नाव छापलंय ते बघा. ले-आऊटचा नकाशा तिथे मिळेल. हरकत मात्र ज्या कार्यालयाने सूचना काढली तिथेच द्यायची. चुकीच्या दारात दिलेला अर्ज योग्य दारी पोचेपर्यंत मुदत संपते.

मुदत ३० दिवसांची. कलम २६ प्रमाणे प्रारूप आराखड्याची सूचना राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत येते. दिवस त्या सूचनेच्या तारखेपासून मोजायचे, ती सोसायटीच्या ग्रुपवर आली त्या दिवसापासून नाही. त्याआधी कलम २३ खाली आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो आणि तेव्हाही सूचना मागवतात. त्या वेळी फारसं कुणी फिरकत नाही. वास्तविक नकाशावर रंग पडायच्या आधी बोलणं सोपं असतं.

मग नकाशा. भिंतीवर लावलेल्या मोठ्या नकाशासमोर उभं राहून आपलं घर शोधण्यात वेळ घालवू नका, आपल्या मौजाचा, म्हणजे महसुली गावाचा, भाग नकाशा विकत घ्या. सगळ्यात जास्त हरकती गळतात त्या इथेच. लोक लिहितात ‘प्लॉट नं. १७, हनुमान मंदिराच्या मागे’. नकाशाला मंदिर कळत नाही. त्याला मौजा आणि खसरा क्रमांक, म्हणजे जमिनीचा भूमापन क्रमांक, लागतो. तो सातबाऱ्यावर किंवा विक्रीपत्रात सापडतो, आणि नगर भूमापन झालेल्या भागात आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढावी लागते. खसऱ्याचा उपविभाग विसरू नका, ४५/२ आणि ४५/३ या दोन वेगळ्या जमिनी आहेत.

हरकतीचा मजकूर असा असला म्हणजे पुरे: ‘मौजा अमुक, ख. क्र. ४५/२. प्रारूप आराखड्यात प्राथमिक शाळेचं आरक्षण. जागेवर नाल्याचं पात्र असून पावसाळ्यात पाणी तुंबतं, फोटो जोडले आहेत. मागणी: आरक्षण याच मौजातील ख. क्र. ५२ वर हलवावं, ४५/२ हरित पट्ट्यात ठेवावी.’ काय आहे, काय चुकलं, काय हवं. ‘जनतेवर घोर अन्याय’ वगैरे लिहून कागद भरतो. नगररचनाकाराला त्यात नकाशावर फिरवण्यासारखं काही मिळत नाही. नाल्याकाठच्या वस्त्यांनी तर पुराच्या खुणेची उंची टेपने मोजून लिहावी. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा पाणी घराच्या कितव्या पायरीवर होतं, हे फोटोसकट दिलं की नाल्यालगतचा पट्टा पिवळा, म्हणजे रहिवासी, का नको ते वेगळं सांगावं लागत नाही.

एकच मजकूर झेरॉक्स करून दोनशे सह्या घेण्याची हौस आपल्याकडे फार. गठ्ठा जाड दिसतो, मुद्दा मात्र एकच राहतो. त्यापेक्षा ज्यांच्या दारावरून रस्ता जातोय अशा दहा-पंधरा घरांनी आपापल्या मोजमापासह वेगळे अर्ज द्यावेत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. नगरसेवकाच्या हाती दिलेला कागद म्हणजे हरकत नव्हे.

सुनावणी हा या सेवेतला सर्वात चांगला भाग. ती घेणाऱ्या, कलम २८ च्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. वेळ मोजकाच मिळतो. म्हणून भाग नकाशावर आपला खसरा लाल पेनने घेरून न्यावा आणि मागणीचं वाक्य आधी बोलावं, इतिहास नंतर. स्वतः जाता येत नसेल तर प्रतिनिधीजवळ सहीचं अधिकारपत्र द्यावं. आपल्या हरकतीचं पुढे काय झालं, हे मात्र समितीच्या अहवालात शोधावं लागतं. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज इथे कामी येतो. एक गुण याचा कापला.

पूर्ण आराखडा वीस वर्षांतून एकदा सुधारायचा असतो, पण कलम ३७ खालचे फेरबदल मधे कधीही निघू शकतात. एखाद्या खसऱ्याचं आरक्षण बदलण्याची बारीक टायपातली सूचना, मुदत एक महिना. वस्तीत एकाने तरी जाहीर सूचनांचं पान वाचायची जबाबदारी घ्यावी.

ले-आऊटमधली मोकळी जागा आणि पी.यू. लँड (सार्वजनिक उपयोगाची जागा) हा निराळा विषय. त्या आराखड्यातल्या आरक्षणात येत नाहीत, मंजूर ले-आऊट नकाशात असतात. त्यावर कुणी शेड ठोकलं तर आराखड्यावरच्या हरकतीचा उपयोग नाही. मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत घेऊन अतिक्रमणाची तक्रार करावी लागते.

दुसरा गुण कापला तो कलम १२७ चा. आराखडा लागू होऊन दहा वर्षांत आरक्षित जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. २००० साली मंजूर झालेल्या आराखड्यातल्या आरक्षणांची दहा वर्षं केव्हाच उलटली. आणि नेमकं इथे रहिवाशाला ना सूचना, ना सुनावणी. उद्यान हातचं जायला नको असेल तर ‘मौजा अमुकमध्ये कलम १२७ च्या किती नोटिसा आल्या, कोणत्या खसऱ्यांवर, कोणत्या तारखेला’ हा माहिती अधिकाराचा अर्ज दर सहा महिन्यांनी टाकत राहा, म्हणजे २४ महिन्यांतले सतरा-अठरा तरी हाती उरतात.