पिकअपचे पिवळे फॉग लॅम्प : निफाडची धुई आणि कसारा घाट

मागच्या डिसेंबरात पिकअपला पिवळे हॅलोजन फॉग लॅम्प बसवले. जोडी, रिले, वायरिंग धरून 2,400 रुपये. दुकानदार पांढरे एलईडी गळ्यात मारत होता. "भाऊ, उजेड तर बघा!" भर दुपारी दुकानासमोर उजेड काय बघायचा?

आमच्या निफाडला थंडीत धुई पडली की द्राक्षावर डावणी या बुरशीच्या रोगाची भीती, म्हणून पहाटेच बागेकडे निघावं लागतं. आभाळ निरभ्र, वारा बंद, रात्र मोठी. रान रात्रभर ऊब सोडतं, त्याला लागून असलेली हवा गार पडते आणि तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. नदीकाठी, खोलगट रानात ही धुई साचूनच राहते. नांदूरमधमेश्वरच्या बाजूला एकदा पहाटे पाचला बोनेटपुढचं दिसेना आणि डोक्यावर चांदण्या मात्र स्वच्छ! हेडलाइटचा अप्पर मारला की समोर पांढरी भिंत. हे फॉग लॅम्प बंपरखाली असतात, उजेड आडवा पसरतो, वर उडत नाही, म्हणून डोळ्यांवर उलटत नाही. साइडपट्टी दिसली, उसाच्या ट्रॉलीची चाकं दिसली. वीस-पंचवीस मीटर, बस्स. तेवढ्यात गाडी थांबेल इतकीच पळवायची.

पिवळा उजेड धुकं फोडतो म्हणतात, ते काही खरं नाही. धुक्याचे थेंब साधारण दहा-वीस मायक्रॉनचे. उजेडाच्या लहरींपुढे ते एवढे मोठे, की पिवळा काय नि पांढरा काय, सारखाच विखुरतो. काम करते ती दिव्याची उंची आणि वरून कापलेला झोत. पिवळा माझ्या डोळ्यांना कमी टोचतो, एवढंच.

जुलैत टोमॅटोचे क्रेट घेऊन वाशीला निघालो, तेव्हा कसारा घाटात खरी परीक्षा झाली. तिथलं धुकं वेगळंच. समुद्रावरची ओली हवा सह्याद्री चढते, वर दाब कमी म्हणून फुगते, फुगली की गार होते. म्हणजे आपण ढगातच शिरतो. निफाडची धुई नऊच्या उन्हात विरते, वारा सुटला की फाटते. घाटातलं धुकं वाराच आणून घालतो, मग ते दिवस दिवस हटत नाही. कड इथेही दिसली, पण पुढच्या ट्रकचा टेललाइट दिसायला उशीरच. त्याला माझे दिवे काय करणार?

तक्रार एकच, पण मोठी. दुसऱ्याच पावसात डाव्या दिव्याच्या काचेला आतून वाफ धरली. बायको म्हणाली, "आता ह्याच्यापुढे अजून एक फॉग लॅम्प लावा." बल्ब तापला की आतली हवा बाहेर जाते, विझला की बाहेरची ओली हवा आत ओढली जाते आणि गार काचेवर दव धरतं. दुकानात दाखवला, तर "गाडी पाण्यात घातली असेल." वॉरंटी कार्डावर शिक्का नव्हता म्हणे. शेवटी घरीच उन्हात वाळवून कडेनं सिलिकॉन भरलं.

पाचापैकी साडेतीन. घेताना काचेमागचं रबर दाबून बघा आणि कार्डावर शिक्का तिथेच मारून घ्या. माझा उजवा दिवा अजून कोरडा आहे.