मागचे ड्रम ब्रेक: जुन्या शूला लायनर की नवा सेट?

जुन्या अँबॅसिडरच्या किंवा पद्मिनीच्या मागच्या ब्रेकचं काम निघालं की चाक खोलायच्या आधीच मेकॅनिक विचारतो, "भाऊ, लायनर मारायचे का नवे शू टाकायचे?" शू म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबणारा अर्धगोल पत्रा, आणि लायनर म्हणजे त्याच्यावरचा झिजणारा घर्षणाचा थर. घाईत उत्तर देऊ नका. ड्रम मोजल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही, आणि ड्रम मोजून बोलणारी गॅरेजं फार थोडी. माझा कौल आधीच सांगतो: शूचा सांगाडा सरळ असेल तर मूळच्या शूलाच चांगले लायनर, ड्रमला गरजेपुरतं लेथकाम (झिजलेलं आतलं अंग कापून सारखं करणं) आणि व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा) मात्र नवा. याला अपवाद आहेत, ते ओघात येतीलच.

ड्रम: कापायचा की बदलायचा

ड्रमच्या बाहेरच्या काठापर्यंत शू पोचत नाही. तिथलं लोखंड मूळ मापाचं राहतं, आतला पट्टा झिजतो आणि मध्ये एक कड उभी राहते. व्हर्नियर या मापाच्या उपकरणाचे जबडे हटकून या कडेवर टेकतात आणि झिजलेला ड्रम नवाकोरा असल्याचं माप दाखवतात. माप कडेच्या आत, शू जिथे घासतो तिथे घ्यायचं, तेही ड्रम फिरवत तीन-चार ठिकाणी. मापं वेगवेगळी आली तर ड्रम अंडाकृती झालाय. ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली धडधडतं त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

कंपनीने कमाल व्यास ठरवून दिलेला असेल, ड्रमवर ओतलेला असेल, तर तोच अंतिम. तो सापडत नसेल तर मूळ व्यासापेक्षा जास्तीत जास्त दीड मिमी, म्हणजे लेथवाल्याच्या भाषेत ६० थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), इथे थांबायचं. ही मर्यादा नुसती कागदावरची नाही. ब्रेक लावल्यावर तयार होणारी उष्णता ड्रमचं लोखंड पिऊन घेतं. लोखंड पातळ झालं की तो लवकर तापतो. तापलेला ड्रम फुगतो, म्हणजे शूपासून दूर जातो आणि पेडल खाली जायला लागतं. डिस्क ब्रेकची डिस्क तापली तर पॅडच्या दिशेने फुगते, म्हणून हा त्रास ड्रमवाल्यांच्याच वाट्याला येतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर असताना वर्धा रोडवर हे जाणवणार नाही. चिखलदऱ्याचा घाट भरल्या गाडीने उतरताना मात्र नक्की जाणवेल.

ड्रम मर्यादेत असेल तर कापून घेणं नव्यापेक्षा उजवं, कारण जुनं मूळ ओतकाम बहुधा चांगलं असतं आणि बाजारातल्या खोकाबंद ड्रमची खात्री देता येत नाही. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत लेथवाल्यांची कमी नाही, पण काम देताना दोन गोष्टी निक्षून सांगा. ड्रम मधल्या हबच्या भोकावर सेंटर करून धरायचा, बाहेरच्या कडेला पकडून नाही. आणि डावा-उजवा दोन्ही एकाच मापाला कापायचे, नाहीतर गाडी ब्रेकला एका अंगाला ओढते. ड्रमला तडा असेल, किंवा निळे-काळे कडक डाग लेथ मारूनही जात नसतील, तर तिथे वाद नाही, ड्रम बदला.

लायनर की नवा शू

खरी तुलना इथे आहे. नव्या सेटच्या बाजूने सांगण्यासारखं बरंच आहे. एका दुपारी काम उरकतं, शू लायनर चिकटवायला भट्टीला किंवा रिबेट (रिव्हेट) मारायला पाठवून चार दिवस गाडी जॅकवर ठेवावी लागत नाही. मारुती ८०० असेल तर मी स्वतः हाच सल्ला देईन, कारण तिचा माल अजून भरपूर मिळतो आणि नामांकित बनावटीचा मिळतो. अँबॅसिडरचं तसं नाही. हिंदुस्थान मोटर्सचा उत्तरपाऱ्याचा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला, पद्मिनीचं उत्पादन त्याच्याही कितीतरी आधी संपलं. आज दुकानात "ओरिजिनल" म्हणून जे पुढे येतं त्यात जुना साठवलेला माल थोडा आणि नंतर कोणीतरी बनवलेला जास्त. अशा शूचा पत्रा कधी पातळ असतो, हँडब्रेकच्या लिव्हरचं भोक कधी मिलीमीटरभर इकडेतिकडे असतं. अँबॅसिडरमध्ये हँडब्रेक याच मागच्या शूवर चालतो, त्यामुळे तो मिलीमीटर सेमिनरी हिल्सच्या चढावर गाडी उभी केली की दिसतो.

मूळचा शू जाड पत्र्याचा आणि नेमक्या मापाचा असतो. शिवाय लायनर मारून घेण्याचा एक फायदा नव्या सेटला कधीच देता येत नाही. ड्रम कापल्यावर त्याचा व्यास वाढतो, पण नवा शू मूळ व्यासाला बेतलेला असतो. तो मोठ्या ड्रमात बसवला की फक्त मधोमध टेकतो, टोकं अधांतरी. गाडी थांबते, पण पेडल दाबायला जास्त जोर लागतो आणि मधला भाग भराभर जळतो. लायनरवाल्याला थोडा जाड लायनर मारून कापलेल्या ड्रमच्या गोलाईला घासून द्यायला सांगता येतं. हे सांगितलं नाही तर तो करत नाही. आल्यावर ड्रमच्या आत खडू फिरवा, शू आत धरून हलकेच सरकवा आणि लायनरवर खडू कुठे लागला ते बघा. मधल्या बहुतेक लांबीवर लागायला हवा. टोकाला किंचित मोकळं राहिलं तर हरकत नाही.

जुना शू नाकारायचा कधी? सपाट काचेवर ठेवल्यावर डुलत असेल, वेल्डिंगचे टाके सुटले असतील, ज्या टोकावर सिलिंडरचा पिस्टन ढकलतो तिथे खोबण पडली असेल, किंवा गंजाने पत्र्याला खड्डे पडले असतील, तर त्याच्यावर लायनर मारणं म्हणजे पैसे वाया.

रिबेटचे लायनर चांगले की चिकटवलेले, हाही प्रश्न विचारला जातो. चिकटवलेला लायनर जास्त पातळ होईपर्यंत वापरता येतो आणि त्यात रिबेटची डोकी ड्रमला चरे पाडत नाहीत. पण त्यासाठी शूचा पत्रा गंज काढून अगदी उघडा लखलखीत हवा आणि डिंक दाबाखाली भट्टीत नीट भाजला गेला पाहिजे. नागपूरजवळच्या वाडीकडे ट्रकच्या ब्रेकची कामं जिथे चालतात तिथे रिबेटचा हात पक्का मिळतो. म्हणून भट्टीची खात्री नसेल तर मी रिबेटच निवडतो. शूवर हलकं ठोकून बघा: टणक आवाज आला तर लायनर घट्ट बसलाय, भदभद आला तर परत द्या. लायनर आणि पत्रा यांच्यात पातळ फीलर गेज (फट मोजायची पट्टी) शिरतोय का, हेही बघा. पुढे रिबेटच्या डोक्यावर दीड मिमीच्या आत लायनर उरला की पुन्हा बदलायची वेळ आली.

व्हील सिलिंडर: किट, स्लीव्ह की नवा

इथे काटकसर करू नका. जुन्या सिंगल सर्किट गाड्यांत चारही चाकांचं ब्रेक ऑइल एकाच वाटेने जातं. मागचा एक सिलिंडर फुटला की पुढचेही ब्रेक जातात. रबराचं किट स्वस्त असतं, पण ते तेव्हाच टाकावं जेव्हा सिलिंडरचं आतलं अंग आरशासारखं गुळगुळीत असेल. नखाला खड्डा लागला तर तो खड्डा नवी रबरं थोड्याच महिन्यांत फाडणार. होनिंग करून, म्हणजे आतून घासून, खड्डे घालवायला गेलं की व्यास वाढतो आणि रबर सैल पडतं. नवा सिलिंडर मिळत नसेल तर जुन्याच्या आत पितळेची किंवा स्टेनलेसची स्लीव्ह (नळी) बसवणं हा उत्तम मार्ग आहे, फक्त काम अचूक हवं. ज्या गाड्यांत मागचा सिलिंडर बॅकप्लेटच्या (शूच्या मागच्या पत्र्याच्या) खाचेत सरकतो, तिथे तो मोकळा सरकतोय ना ते आधी बघा. गंजून अडकला तर एकच शू राबतो आणि दोन्ही लायनर वेगवेगळे झिजतात.

रबरं पेट्रोल-रॉकेलने धुऊ नका, फुगतात. ताजं ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट वापरा.

ज्यात निवड नसते

शू ओले असतील तर ते कशाने, हे आधी ठरवा. ओल बोटावर घेऊन पाण्याखाली धरा. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं, अ‍ॅक्सलचं (मागच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याचं) ऑइल चिकट राहतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास असतो. अ‍ॅक्सलचं ऑइल असेल तर सील बदलल्याशिवाय लायनरला हात लावू नका, आणि अ‍ॅक्सलचा ब्रीदर (हवा जायचं भोक) चोंदलाय का तेही बघा. तो बंद असेल तर नवा सीलही गळतो. तेल प्यालेला लायनर धुऊन, भाजून परत वापरू नये. स्प्रिंग निळ्या पडल्या असतील किंवा त्यांचे आकडे (हूक) सैल असतील तर सगळा संच बदला.

मागचे दोन्ही ब्रेक एकदम धरून बसत असतील तर शूला दोष देण्याआधी अ‍ॅक्सलकडे जाणारा रबरी होज (नळी) तपासा. तो आतून सुजला की ऑइल जातं पण परत येत नाही. एकच चाक धरत असेल तर सिलिंडर, स्प्रिंग किंवा हँडब्रेकची केबल. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक न ओढता चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळ्याची अडण लावा. ओलीने शू ड्रमला चिकटतात.

आणि धुळीचं. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कॅन्सरपर्यंत मजल जाते. गॅरेजातली पोरं कॉम्प्रेसरच्या हवेने ड्रम झाडतात, ते करू देऊ नका. साबणाच्या पाण्याने ओलं करून पुसून घ्या. नवे लायनर घेताना अ‍ॅस्बेस्टॉसविरहित मागा.

मागे डिस्क बसवायची का?

माझ्या मते नाही. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि थांबवण्याचं साधारण ७० टक्के काम पुढची चाकं करतात. मागे डिस्क घातली तर हँडब्रेकची नवी व्यवस्था लागते, मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्याचं) गणित बदलतं, आणि मागचा जोर वाढला तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरते. गाडी पन्नाशी ओलांडलेली असेल आणि २०२१ च्या केंद्रीय नियमांखाली व्हिंटेज म्हणून नोंदवायची इच्छा असेल तर मूळ रूपाला हात न लावणंच शहाणपणाचं. तेवढा पैसा पुढच्या ब्रेकवर, होजवर आणि मास्टर सिलिंडरवर घाला.

काम झाल्यावर ब्रेक ऑइल पूर्ण बदलून नळ्यांतली एअर (हवा) काढा. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना २०५ अंशांच्या वर उकळतं, पण हवेतली ओल पिऊन जुनं झालं की १४० पर्यंत घसरू शकतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदला. अ‍ॅडजस्टर (शू आणि ड्रममधली फट जुळवणारा) चाक अडेपर्यंत आवळून मग चाक मोकळं फिरेपर्यंत थोडा सोडा, आणि हँडब्रेकची केबल त्यानंतरच ताणा. उलट क्रमाने केलं तर शू कायम घासत राहतात. पहिले दोन-तीनशे किलोमीटर मध्यम ब्रेक मारत चालवा, मग अ‍ॅडजस्टर पुन्हा तपासा, कारण नवे लायनर बसताना फट वाढते. तोवर रामटेकच्या गडाचा उतार नको.