रोपांच्या ट्रेखालची विजेची चटई: दोन हिवाळ्यांनंतरचे मत

थंडी सरण्याआधी मिरची, वांगी आणि टोमॅटोची रोपे घरात तयार करायची, तर खरी अडचण हवेची नसून मातीची असते, ही गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. खोलीत आपल्याला ऊब जाणवत असली तरी ओली माती बाष्पीभवनामुळे हवेपेक्षा दोन-तीन अंश थंडच राहते. टोमॅटोचे बी 25 अंश सेल्सिअसच्या मातीत साधारण 6 दिवसांत उगवते. तेच 15 अंशांना 14 दिवस घेते आणि 10 अंशांना जवळजवळ दीड महिना. मिरचीचा थंडीवरचा राग त्याहून मोठा. इतके दिवस ओल्या मातीत पडून राहिलेले बी बहुधा कुजते आणि दोष मात्र बियाण्याच्या पाकिटाला दिला जातो. हा दोष मीही अनेक वर्षे देत आलो, म्हणून अखेर ट्रेखाली अंथरायची विजेची चटई घेतली आणि दोन हिवाळे वापरली.

चटई एका ट्रेच्या मापाची, रबरासारख्या जाड आवरणाची आणि 20 वॅटची आहे. दिवसरात्र चालू ठेवली तरी चोवीस तासांत अर्धे युनिटही वीज जळत नाही. मुख्य कामात ती खरी उतरली. पहिल्या वर्षी मी मिरचीचा एक ट्रे चटईवर आणि दुसरा शेजारच्या टेबलावर नुसताच ठेवला होता. चटईवरच्या ट्रेत आठव्या दिवशी पहिला कोंब वाकलेल्या मानेने वर आला, तर टेबलावरच्या ट्रेने तीन आठवडे उलटल्यावर कुठे हालचाल दाखवली, तीही अर्ध्याच कप्प्यांत.

मात्र चटईबरोबर थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरावीक ठेवणारे यंत्र, येत नाही आणि ही तिची सर्वांत मोठी उणीव आहे. ती ठरावीक तापमान राखत नाही, खोलीच्या तापमानात सुमारे 8 ते 10 अंशांची भर घालते, एवढेच. रात्री खोली 14 अंशांवर असताना माती 23 अंशांपर्यंत पोहोचत होती, ते ठीकच. पण दुपारी खिडकीतून ऊन आले आणि ट्रेचे झाकणही बंद राहिले, तेव्हा मातीत खोचलेल्या तापमापकाने 34 अंश दाखवले. वांगी हे सोसतात. लेट्यूसचे बी मात्र 30 अंशांच्या आसपास सुप्तावस्थेत जाते, आणि माझा लेट्यूसचा पूर्ण ट्रे असाच रुसून बसला. खरे तर लेट्यूस, पालक, कोबी यांना चटईची गरजच नव्हती. ती चूक उत्पादकाची नव्हे, माझी. पुढे थर्मोस्टॅट वेगळा घेतला आणि त्याची संवेदक तार चटईवर न टेकवता एका कप्प्यातल्या मातीत बियांच्या खोलीवर रोवली, तेव्हा ही तक्रार मिटली. थर्मोस्टॅटशिवाय ही चटई विकणे मला अर्धवट माल विकण्यासारखे वाटते.

उष्णता सर्वत्र सारखी पसरत नाही, हेही नोंदवायला हवे. मधल्या कप्प्यांत आणि कोपऱ्यांत मला 3 अंशांचा फरक आढळला. मधली मिरची उगवून दलपत्रे, म्हणजे बीतून निघणारी पहिली दोन पाने, पसरून बसली, तरी कोपऱ्यातले कप्पे आणखी पाच दिवस काळेच होते. मी आता दोन दिवसांआड ट्रे फिरवतो आणि मधल्या कप्प्यांचा वाफसा, म्हणजे मातीतला ओलावा, रोज बोटाने पाहतो, कारण ते खालून कोरडे पडतात आणि वरून ओले दिसत राहतात.

माहितीपत्रकात रोपे लावणीपर्यंत चटईवर ठेवावीत असे छापले आहे. हा सल्ला मला पटत नाही. बहुतेक कप्पे उगवले की चटई बंद करावी आणि झाकण काढावे. खालून ऊब आणि वरून अपुरा उजेड असला की रोपे दोऱ्यासारखी लांबतात. शिवाय झाकणाखालच्या दमट हवेत बुरशी फोफावते आणि रोप जमिनीलगत बारीक होऊन आडवे पडते. माझ्या हातून दोन दिवसांची दिरंगाई झाली आणि टोमॅटोची अकरा रोपे एका रात्रीत कोलमडली. देठ मातीला टेकतो तिथे पाणी मुरल्यासारखा करडा डाग दिसला की ते रोप गेलेच समजावे. आता उगवणीनंतर ट्रे 18 ते 20 अंशांच्या जागी दिव्याखाली हलवतो, दिवा रोपांच्या शेंड्यापासून वीतभरापेक्षा कमी अंतरावर ठेवून 14 तास लावतो आणि पाणी खालच्या ताटलीतूनच देतो. चटई वर्षाकाठी जेमतेम महिनाभर वापरात असते, त्यामुळे ती टिकली याचे मला फारसे नवल वाटत नाही.

मिरची-वांगी लावणाऱ्याने ती जरूर घ्यावी. फक्त टोमॅटोची चार रोपे हवी असतील, तर घरातली एखादी उबदार जागा पुरेशी आहे. घेतल्यास तारेच्या जोडाकडे लक्ष असू द्यावे. ताटलीतून सांडलेले पाणी तारेवरून थेट प्लगकडे ओघळते, म्हणून मी तार प्लगपाशी पोहोचण्याआधी खाली लोंबती ठेवतो, म्हणजे थेंब तिथेच गळून पडतो.