निंबोळी अर्क नि सापळे, टोमॅटोवर अख्खा हंगाम वापरल्यानंतर

आधीच सांगतो, फवारलं आणि तासाभरात किडी पटापट खाली पडल्या असलं काही बघायचं असेल तर निंबोळी अर्क तुमच्यासाठी नाही. अळी मरत नाही लगेच, ती खायचं सोडते, कात नीट टाकता येत नाही तिला आणि मग जाते, म्हणून पहिले काही दिवस पानावर अळी जिवंत दिसते आणि माणूस घाबरून पुन्हा जहाल औषधाकडे वळतो. त्यावेळी अळी नका बघू, नवीन पानं खाल्लीयेत का ते बघा.

मी ५ टक्क्यांचाच वापरला, म्हणजे ५ किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची, थोडा साबण घालायचा आणि एकूण पाणी १०० लिटर करायचं. गाळण्यात आळस केला की नोझल चोकअप झालाच म्हणून समजा! फवारणी संध्याकाळीच, कारण उन्हात अझाडिरॅक्टिन, म्हणजे निंबोळीतला किडीवर काम करणारा घटक, टिकत नाही, आणि केलेला अर्क त्याच दिवशी संपवायचा. बारीक अळ्या, मावा, पांढरी माशी यांच्यावर रिझल्ट खरंच चांगला. पण अळी मोठी होऊन फळात शिरली की काही उपयोग नाही, आतपर्यंत पोचतच नाही ना तो.

कामगंध सापळ्यात मादीच्या वासाची ल्यूर (आमिषाची गोळी) असते, त्यात फक्त नर पतंग येतात, त्यामुळे त्याने कीड संपेल ही आशा सोडा, मला त्याचा फायदा एवढाच की पतंग वाढायला लागले की अंडी येणार हे कळतं आणि फवारणी वेळेत होते, हे मात्र लाख मोलाचं. ल्यूर बदलायला विसरायचं नाही. पिवळे चिकट सापळे पांढऱ्या माशीला मस्त, फुलकिड्यांना निळे बरे, पण पिवळ्यावर मित्रकीटकही चिकटतात हे कोणी सांगत नाही.

बिव्हेरियाबद्दल माझं मत संमिश्र. ती किडींना मारणारी बुरशी आहे, हवेत ओल असली तर किडीवर पांढरी वाढ दिसते, कोरड्या दिवसात पैसे पाण्यात. आणि बुरशीनाशकात मिसळली तर तीच मरणार, साधी गोष्ट आहे.

सगळ्यात जास्त फरक कशाने पडला म्हणाल तर जहाल फवारे थांबल्याने मावा खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड) परत आले, त्यांच्या काळपट काटेरी अळ्या बघून कोणी कीड समजून चिरडू नका, मावा त्याही भरपूर खातात.

तयार अर्क घेणार असाल तर डब्यावर पीपीएम (अझाडिरॅक्टिनचं प्रमाण) वाचा, १५०० आणि १०००० चा डोस सारखा नसतो.