देज, हुंडा आणि नॉर्वेजियन अनुवादक

जव्हारच्या वारली पाड्यांवर मी चार वर्षं काम केलं. त्यातलं लग्नावरचं प्रकरण नॉर्वेतल्या बर्गनमधल्या एका संपादित पुस्तकात नॉर्वेजियनमध्ये जायचं होतं. मूळ लेख इंग्रजीत. माझी नॉर्वेजियन बाजारहाटापुरती, म्हणून अनुवादक शोधायला लागले.

आधी एका भाषांतर कंपनीला काम दिलं. शब्दामागे दर, पाच दिवसांत फाइल हातात. वाक्यं गुळगुळीत होती, पण तिसऱ्या पानावर मी थबकले. देजासाठी मी इंग्रजीत 'ब्राइडवेल्थ' लिहिलं होतं, तिथे 'मेदयिफ्त' आलं होतं. मेदयिफ्त म्हणजे हुंडा! मुलाकडून मुलीच्या घरी येणारं देज एका शब्दात उलटं फिरलं. आपल्या लग्नात किती देज आलं ते एका आजीने मला बोटांवर मोजून, अभिमानाने सांगितलं होतं. छापल्यावर तिचा बाप हुंडा देणारा ठरला असता. तक्रार केली तर त्यांनी तेवढा शब्द बदलून दिला. बाकीच्या पानांवर माझा भरवसा राहिला नाही.

सरकारमान्य अनुवादकही पाहिले. दाखले, करारनामे, कोर्टाचे कागद यांत ती मंडळी पक्की, माझं काम वेगळं होतं. शेवटी एनएफएफओ या माहितीपर पुस्तकांच्या लेखक-अनुवादकांच्या संघटनेतून एक बाई मिळाल्या. त्यांनी स्वतः सामाजिक मानवशास्त्रात एमए केलं आहे.

कामाला हात लावण्याआधी त्यांनी अकरा प्रश्न पाठवले. पहिला, नॉर्वेजियनच्या दोन लेखी रूपांपैकी बूकमोल हवं की नीनोर्स्क? (हे संपादकांना आधीच विचारून ठेवा.) मग 'क्रॉस-कझिन', म्हणजे मामे-आते भावंड, मुलगी की मुलगा? इंग्रजीत कळत नाही, नॉर्वेजियनमध्ये मात्र कुसीने (बहीण) किंवा फेत्तर (भाऊ) ठरवावंच लागतं. आपल्याकडे 'मामेबहीण' म्हटलं की प्रश्नच मिटतो, ते त्यांना सांगताना मला फार बरं वाटलं.

सगळ्यात जास्त वेळ 'ट्राइब'वर गेला. त्याचा सरळ प्रतिशब्द 'स्तामे' आता तिकडे जुनाट वाटतो. 'उरफोल्क' (मूळ रहिवासी) म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे उत्तर नॉर्वेतले मूळ रहिवासी सामी लोक येतात आणि त्याला कायद्याचंही वजन आहे, कारण आदिवासींच्या हक्कांचा आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) १६९ क्रमांकाचा करार नॉर्वेने सगळ्यांत आधी, १९९० मध्ये मान्य केला. भारताने तो आजवर मान्य केलेला नाही. तासभर फोनवर बोलून आम्ही 'आदिवासी' तसाच ठेवला, पहिल्या उल्लेखाला उरफोल्कची टीप दिली आणि 'अनुसूचित जमाती'चा कायदेशीर अर्थ वेगळा समजावला.

दर कंपनीच्या जवळजवळ दुप्पट आणि चोवीस पानांना सहा आठवडे. घाई असेल तर जमणार नाही. मराठी आणि वारली शब्दांचे अर्थ, उच्चार तुम्हालाच लिहून द्यावे लागतात. पुढचं प्रकरण मी त्यांनाच देणार आहे.

देज आता देजच आहे, शेजारी एकदाच 'ब्रूदेप्रीस', म्हणजे वधूमूल्य.