शाश्वतता आणि आंतरराष्ट्रीय विकासाचा ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम: सव्वा वर्षानंतरचा अनुभव

चौथ्या मॉड्यूलच्या पहिल्या असाइनमेंटवरचा अभिप्राय दुसरी असाइनमेंट जमा करून झाल्यावर माझ्या हाती पडला, आणि त्यात दुसऱ्या असाइनमेंटसाठी उपयोगी पडतील अशा सूचना होत्या. हा सविस्तर अनुभव लिहायला बसण्याचे तात्कालिक कारण एवढेच आहे. नागपुरातील स्वयंसेवी संस्थांमध्ये आणि कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) विभागांत काम करणारे अनेक जण सध्या असे अभ्यासक्रम शोधत आहेत, माहितीपत्रके एकमेकांना पाठवत आहेत आणि ‘घ्यावा का?’ असे मला विचारत आहेत. माहितीपत्रकात जे छापलेले असते ते येथे पुन्हा सांगत नाही. विद्यापीठ ब्रिटनमधील आहे, नाव देत नाही. शिक्षण पूर्णपणे ऑनलाइन आणि अर्धवेळ आहे. ६० क्रेडिटला सर्टिफिकेट, १२० ला डिप्लोमा आणि प्रबंधासह १८० ला मास्टर्स, ही तिकडची नेहमीची रचना आहे.

पैशांपासून सुरुवात करते, कारण माझी फी कोणतीही संस्था भरत नाही. फी पौंडात आहे, पौंडाचा भाव शंभर रुपयांच्या वर आहे, आणि प्रत्येक हप्त्यावर बँक आपला वाटा वेगळा कापून घेते. ब्रिटनमध्ये एक क्रेडिट म्हणजे अंदाजे दहा तासांचा अभ्यास असे धरतात. म्हणजे वीस क्रेडिटच्या एका मॉड्यूलला दोनशे तास. या दोनशे तासांतील बहुतेक वेळ मी एकटीच वाचत असते. शाश्वत विकासाची व्याख्या करणारा ब्रुंटलँड आयोगाचा १९८७ चा अहवाल, २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेली शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे आणि त्यांखालची १६९ लक्ष्ये, १९९० पासून निघणारे मानव विकास अहवाल, हवामानबदलावरील पॅरिस कराराचा मजकूर, हे सारे कोणालाही फुकट वाचता येते. व्याख्यानेही ध्वनिमुद्रित असतात आणि त्या दर्जाची व्याख्याने केंद्र सरकारच्या स्वयमसारख्या मंचांवर मोफत मिळतात. मग मी पैसे नेमके कशाचे भरते? माझे लिखाण जाणकार माणसाने बारकाईने वाचून त्यावर लेखी अभिप्राय द्यावा, याचे. मॉड्यूलमागे दोन असाइनमेंट, म्हणजे दोन अभिप्राय. संपूर्ण फी या दोन कागदांवर भागली, तर प्रत्येक कागद किती महाग पडतो हे ज्याचे त्याने पाहावे.

या महाग कागदाच्या बाबतीत विद्यार्थ्यांच्या हँडबुकमध्ये स्वच्छ शब्दांत लिहिलेले आहे की तो तीन आठवड्यांत मिळेल. पहिल्याच मॉड्यूलमध्ये ही मुदत उलटली. मी विनम्र ईमेल पाठवला, स्वयंचलित पोच आली. दुसऱ्या ईमेलला उत्तर आले की शिक्षकांवर मूल्यमापनाचा ताण आहे. मी हँडबुकचा पृष्ठ क्रमांक आणि ते वाक्य उतरवून तिसरा ईमेल लिहिला, तेव्हा विद्यार्थी-साहाय्य कक्षाने कळवले की तीन आठवडे हे ‘उद्दिष्ट’ आहे, ‘हमी’ नव्हे. फीच्या हप्त्याची तारीख मात्र त्यांच्या लेखी उद्दिष्ट नसते. एक दिवस उशीर झाला तर अभ्यासक्रमाचे पोर्टल बंद होते, आणि याची पूर्वसूचना हप्त्याच्या आधी अगदी वेळेवर येते. शेवटी अभिप्राय आला तो तीन ओळींचा होता. ‘युक्तिवाद चांगला, संदर्भ अधिक हवेत, निष्कर्ष ठाम करावा’ अशा अर्थाच्या त्या ओळी कोणाच्याही कोणत्याही निबंधाखाली चालल्या असत्या.

तक्रारीचा परिणाम म्हणून आमच्या संपूर्ण तुकडीला पुढच्या असाइनमेंटची मुदत वाढवून देण्यात आली, आणि हाच मोठा उपकार असल्यासारखे सांगण्यात आले. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मुदतवाढ हा उशिराचा मोबदला होऊ शकत नाही. मूळ तारीख पाहून मी कार्यालयातून रजा घेतली होती. ती रजा मुदतीबरोबर पुढे सरकत नाही. वाढीव तारीख पडली मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. मार्चअखेर म्हणजे काय, हे कोणत्याही संस्थेत काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही: निधीचा हिशेब, उपयोगिता प्रमाणपत्रे, लेखापरीक्षकांचे फोन आणि ३१ तारखेच्या आत खर्ची पडायलाच हवी अशी एखादी उरलेली रक्कम. अभ्यासक्रम ‘नोकरदारांसाठी’ म्हणून विकला जातो, तर नोकरदारांचे वर्ष कसे चालते याची किमान जाण तो चालवणाऱ्यांना असावी, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

त्या मार्चमध्ये मी ठरवले होते की ६० क्रेडिट पूर्ण करून सर्टिफिकेट घ्यायचे आणि थांबायचे. हा अनुभव मी तेव्हा लिहिला असता तर ‘पैसे वाचवा’ एवढेच लिहिले असते. ते मत बदलले दुसऱ्या मॉड्यूलमधील एका अभिप्रायामुळे, आणि त्याबद्दल थोडे तपशिलाने लिहायला हवे.

ते मॉड्यूल प्रकल्प-नियोजनाचे होते. आपल्या क्षेत्रात ज्याला सगळे लॉगफ्रेम म्हणतात तो तक्ता, १९६९ मध्ये अमेरिकेच्या यूएसएड या संस्थेसाठी तयार झालेला, आजही जवळजवळ प्रत्येक निधीदाता मागतो. उभ्या रकान्यांत कामाचे वर्णन, निर्देशक, पडताळणीची साधने आणि शेवटी गृहीतके. हा चौथा रकाना आपल्याकडे कसा भरला जातो हे सर्वांना माहीत आहे: ‘पाऊस वेळेवर पडेल, ग्रामपंचायत सहकार्य करील, शेतकरी सहभागी होतील.’ मी भंडारा जिल्ह्यातील एका माजी मालगुजारी (म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळातल्या) तलावाचा गाळ काढण्याच्या आमच्या प्रस्तावावर असाइनमेंट लिहिली होती. निधी देणाऱ्या कंपनीच्या प्रपत्रात लाभार्थी म्हणून शेतकऱ्यांचेच रकाने होते, म्हणून तक्ताही त्यांच्याभोवतीच उभा होता: तलावातून किती घनमीटर गाळ निघाला, किती एकरांवर पसरला, सिंचन किती वाढले.

या वेळचा अभिप्राय मुदतीत आला आणि जवळजवळ प्रत्येक परिच्छेदाच्या समासात होता. पावसाच्या गृहीतकापुढे शिक्षिकेने लिहिले होते की हे गृहीतक चुकले तर तुम्ही काय करणार हे लिहिलेले नसेल, तर ती केवळ इच्छा आहे. शेतकरी गाळ स्वखर्चाने उचलतील या वाक्यापुढे प्रश्न होता: ट्रॅक्टर नसलेला शेतकरी कसा उचलेल? राज्याच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतही २०१७ मध्ये वाहतूक शेतकऱ्याच्याच माथी होती, आणि गाळ कोणाच्या शेतात पोहोचला आणि कोणाच्या नाही हे आम्ही अनेक गावांत पाहिले आहे. त्या बाईंनी विदर्भ पाहिलेला नाही, तरी प्रश्न नेमका तिथेच बोट ठेवणारा होता. सर्वांत महत्त्वाची नोंद शेवटी होती. शेतांना पाणी लागत नाही त्या महिन्यांत या तलावावर कोणाचे पोट चालते, आणि ते लोक या तक्त्यात कुठे आहेत?

आमच्या भागात याचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. तलाव बहुतेक कोहळी समाजातील जाणत्या माणसांनी बांधले, १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर ते सरकारकडे आले, आणि मासेमारी ढिवर समाजाच्या सहकारी सोसायट्यांकडे ठेक्याने जाते. असाइनमेंट पुन्हा लिहिण्यासाठी मी सोसायटीच्या सचिवांना भेटायला गेले. त्यांनी नकाशा हातात घेतला नाही, बांधावरून चालत मला तलावाच्या मधला खोलगट भाग दाखवला आणि म्हणाले, “मॅडम, गाळ काढा, पन डोहाले हात नका लावू.” उन्हाळ्यात पाणी आटते तेव्हा मासळी त्या डोहात तग धरून राहते. काठालगतच्या ज्या पाणवनस्पतींना आमच्या अंदाजपत्रकात ‘झुडपे काढणे’ या बाबीत धरले होते, त्यांतील काहींच्या आडोशाला स्थानिक मासे अंडी घालतात. काढायचीच असेल तर बेशरम ही फोफावणारी रानटी वनस्पती काढा, हेही त्यांनीच सांगितले. जेसीबी लावून तळ एकसारखा खरवडला असता तर घनमीटरचा आकडा उत्तम आला असता आणि सोसायटीची पुढची काही वर्षे गेली असती.

प्रस्ताव तेव्हा मंजूर व्हायचा होता. आम्ही गाळ टप्प्याटप्प्याने काढण्याचे ठरवले, डोह आणि एका बाजूचा काठ वगळला, बेशरम काढण्याची बाब वेगळी केली, आणि निर्देशकांत पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते व सोसायटीची मासळी किती निघते हे जोडले. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी एका बैठकीत हे मान्य केले. एवढा बदल एका वेळेवर आलेल्या अभिप्रायाने घडवला. तोच अभिप्राय दीड महिन्याने आला असता तर प्रस्तावावर सह्या होऊन गेल्या असत्या, आणि मंजूर अंदाजपत्रकातील बाब बदलणे किती कठीण असते हे या क्षेत्रातील प्रत्येकाला माहीत आहे. माझी मूळ तक्रार यामुळे सौम्य झालेली नाही, उलट अधिक पक्की झाली आहे. अभिप्राय निरुपयोगी असता तर तो कधी येतो याने काही बिघडले नसते.

बाकीच्या बाबी थोडक्यात. थेट चर्चासत्रे लंडनच्या सायंकाळी सहाला असतात, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे मागे गेली की मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेअकराला. ग्रंथालय उत्तम आहे. कंपन्यांच्या अहवालांचे मॉड्यूल पूर्णपणे युरोपकेंद्री आहे; शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना बंधनकारक केलेल्या बीआरएसआर या जबाबदारी व शाश्वतता अहवालाचा त्यात उल्लेख नाही. नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्याला लागेल ते हेच, त्यामुळे ज्यांचा रस तेवढ्यापुरता आहे त्यांनी हा अभ्यासक्रम घेऊ नये.

सामूहिक संसाधनांचे मॉड्यूल मात्र मनापासून आवडले. लोक सामूहिक संसाधने मिळून कशी सांभाळतात याचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि त्याच वर्षी गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल गावाने मिळून सांभाळण्याचा आणि वापरण्याचा कायदेशीर हक्क, मिळाला. वाचनयादीत नेपाळची वने होती, स्वित्झर्लंडची कुरणे होती. मेंढा मी चर्चेत मांडले. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारी ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय कसे घेते, आणि हक्क मिळाल्यावरही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी तिला २०११ पर्यंत का झगडावे लागले, यावर केनियातील एका सहाध्यायीने विचारलेले प्रश्न माझ्या आतापर्यंतच्या शिक्षणातील सर्वांत चांगल्या प्रश्नांपैकी होते. निरनिराळ्या देशांत हेच काम करणारी माणसे एका वर्गात भेटणे, ही फीची दुसरी वसुली म्हणता येईल.

ज्यांना पदवी सरकारी नोकरीसाठी किंवा पीएच.डी.साठी दाखवायची आहे त्यांनी परदेशी ऑनलाइन पदवीच्या समकक्षतेचा प्रश्न पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावा. त्यांच्यासाठी इग्नू हे केंद्रीय मुक्त विद्यापीठ अधिक सरळ मार्ग आहे. तिथला खर्च रुपयांत आणि हजारांत असतो, आणि छापील पाठ्यसाहित्याचा दर्जा कमी लेखण्यासारखा मुळीच नाही.

ज्यांना तरीही परदेशी विद्यापीठाकडे जायचे आहे त्यांनी मानांकन आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती बाजूला ठेवून प्रवेश कक्षाला एवढे विचारावे: मागील सत्रात असाइनमेंटवरचे अभिप्राय प्रत्यक्षात किती दिवसांत दिले गेले? एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी असतात? अभिप्रायाचा एखादा नमुना, नाव झाकून, पाहायला मिळेल का? मी हे तिन्ही प्रश्न पाचव्या मॉड्यूलचा हप्ता भरण्यापूर्वी आमच्या कार्यक्रम-संचालकांना पाठवले आहेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आली असून ती समाधानकारक नाहीत. तिसऱ्याचे आलेले नाही. त्याबरोबर मी असेही विचारले आहे की प्रबंधाला मार्गदर्शक म्हणून तलावाच्या असाइनमेंटवर लिहिणाऱ्या बाई मिळू शकतील का. त्या मिळणार असतील तर मी १८० क्रेडिटपर्यंत जाईन, कारण प्रबंध मला त्याच तलावावर आणि त्या सोसायटीच्या हिशेबवह्यांवर करायचा आहे. मिळणार नसतील तर डिप्लोमा घेऊन थांबेन. हप्त्याची अंतिम तारीख पुढच्या महिन्यात आहे. तोपर्यंत उत्तर आले तर ते येथे जोडेन.